पळायच्या बुटाचा सोल सुटला, जाळी फाटली: घरी काय दुरुस्त होतं, काय होत नाही

प्रश्न थोडक्यात असा: पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी रोज पहाटे मैदानावर पळते. बूट वर्षभरापूर्वी घेतलेले. उजव्या बुटाचा सोल नोकेपाशी सुटलाय, अंगठ्यावर जाळीला भोक पडलंय आणि दोन्ही बुटांचं टाचेचं अस्तर फाटून आतला स्पंज दिसतोय. फेविक्विक लावून पाहिलं, दोन दिवसांत परत सुटलं. नवे बूट इतक्यात घेणं शक्य नाही. घरच्या घरी काय करता येईल?

माझं काम खेळाच्या बुटांची दुरुस्ती करण्याचं आहे आणि दुकानात सर्वांत जास्त येतात ते पळणाऱ्या मुलामुलींचेच बूट. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तू सांगितलेल्या तिन्ही गोष्टी घरी दुरुस्त होतात. पण हातात गोंद घ्यायच्या आधी एक तपासणी कर, नाहीतर सगळी मेहनत वाया जाईल.

पळायच्या बुटाला तीन भाग असतात. खाली जमिनीला लागतो तो रबरी सोल, वर पाय झाकणारी जाळी म्हणजे अप्पर, आणि दोघांच्या मध्ये जाडसर फोमचा थर, ज्याला मिडसोल म्हणतात. बहुतेक बुटांत हा फोम ईव्हीएचा असतो. त्यात हवेचे असंख्य बारीक बंद कप्पे असतात आणि पाऊल आपटलं की धक्का तेच झेलतात. पळून पळून हे कप्पे चेपत जातात. एकदा कायमचे चेपले की कुठल्याही गोंदाने किंवा कुठल्याही कारागिराच्या हाताने ते परत फुगत नाहीत. सोल चिकटतो, जाळी रफू होते, अस्तर नवं बसतं. फोम मात्र गेला तो गेलाच.

तपासायचं असं. दोन्ही बूट टेबलावर ठेव आणि मागून, डोळ्यांच्या पातळीवरून बघ. बूट आत किंवा बाहेर कलंडलेला दिसला तर एका बाजूचा फोम बसलाय. मग बाजूने फोमवर पडलेल्या आडव्या सुरकुत्या बघ. बारीक सुरकुत्या चालतात. पण पायात बूट नसतानाही त्या खोल, घडी घातल्यासारख्या राहिल्या असतील तर लक्षण चांगलं नाही. आतला इनसोल काढून टाचेखाली अंगठ्याने जोरात दाब. फोम दबून लगेच परत यायला हवा. दगडासारखा टणक लागला किंवा दाबलेला खड्डा तसाच राहिला तर फोम संपला. आणि सगळ्यांत खरी खूण तुझ्या पायात आहे. सराव तेवढाच असताना अलीकडे नडगी किंवा गुडघा दुखायला लागला असेल तर आधी बुटावर संशय घे.

साधारण ५०० ते ८०० किलोमीटर पळून झाल्यावर फोम थकतो असं धरतात. रोज ५ किलोमीटर, आठवड्याचे ६ दिवस पळणाऱ्याचे महिन्याला १२०-१३० किलोमीटर होतात, म्हणजे हिशेब चार ते सहा महिन्यांचा. तुझे बूट वर्षाचे आहेत म्हणून हे आधी सांगतोय. पण भरतीला मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर पळायचं असतं. त्यामुळे तुझा सराव कमी अंतराच्या फेऱ्यांचा असेल, आणि तोही मातीवर. तसं असेल तर किलोमीटर बरेच कमी भरतील आणि फोममध्ये अजून जीव असेल. आकड्यापेक्षा अंगठ्यावर विश्वास ठेव.

दाबल्यावर फोमचा भुगा पडला किंवा तो चिकट-चिकट लागला तर तो फोम पॉलियुरेथेनचा आहे आणि दमट हवेने आतून कुजलाय. हे ट्रेकिंगच्या बुटांत जास्त दिसतं. काही वर्षं माळ्यावर खोक्यात राहिलेले, दिसायला नवेकोरे बूट घालून लोक गडावर जातात आणि अर्ध्या वाटेत दोन्ही सोल गळून पडतात. तिथे गोंदाला धरायला काही उरलेलंच नसतं. असा बूट दुरुस्तीला घेऊच नये, मी घेत नाही.

फोम ठीक निघाला असं धरून पुढे जाऊ.

आधी सोल. फेविक्विक का सुटलं ते कळलं की अर्धं काम झालं. फेविक्विक वाळलं की काचेसारखं कडक होतं. बुटाची नोक प्रत्येक पावलाला वाकते. कडक थर वाकत नाही, तो तडकतो. शिवाय जाताना तो मागे टणक खरबरीत कवच ठेवून जातो आणि त्यावर दुसरा कुठला गोंद नीट धरत नाही. एम-सील कडक होतं म्हणून नको. सुतारकामाचा पांढरा फेविकॉल पाण्याने मऊ पडतो म्हणून तोही नको. तुला हवा तो रबरासारखा लवचिक राहणारा, दोन्ही बाजूंना लावून मग जोडायचा गोंद. आम्ही त्याला सोल्युशन म्हणतो. हार्डवेअरच्या दुकानात फेव्हीबाँड ट्यूबमध्ये मिळतं. चर्मकाराच्या सामानाच्या दुकानात पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशन मिळालं तर ते त्याहून चांगलं, विशेषतः सोल रबराऐवजी प्लॅस्टिकसारख्या पीव्हीसीचा असेल तर. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं. ते हळूहळू बाहेर येतं आणि साध्या रबरी सोल्युशनला सैल करतं. पीयू त्याला टिकतं.

पण गोंद कुठला यापेक्षा जागा कशी तयार केली यावर सगळं अवलंबून आहे. दुकानात परत आलेली फसलेली घरगुती दुरुस्ती मी उघडून बघतो तेव्हा बहुतेक वेळा आत जुना गोंद, माती किंवा चकचकीत पृष्ठभाग तसाच असतो. नवा गोंद जुन्या गोंदाला चिकटलेला असतो आणि जुना गोंद कशालाच चिकटलेला नसतो.

म्हणून सुटलेला भाग बोटांनी हळूच आणखी उघड, जिथे घट्ट लागेल तिथपर्यंत. अर्धवट सुटलेली कड तशीच ठेवून वरून चिकटवलं तर पुढच्या आठवड्यात तिथूनच परत तोंड उघडतं. आत माती आणि वाळूचे कण असतील ते जुन्या टूथब्रशने आणि साबणाच्या पाण्याने काढ. मग बूट पूर्ण एक दिवस सावलीत वाळू दे. फोमच्या आणि कापडाच्या सांध्यात ओल लपून बसते, वरून कोरडं दिसलं तरी.

वाळल्यावर पॉलिश पेपर घे. रबराच्या बाजूला ६० किंवा ८० नंबरचा, फोमच्या बाजूला १२० चा. फेविक्विकचं कवच आधी ब्लेडच्या पाठीने खरवडून काढ, मग घास. रबर चकचकीत काळं दिसतंय तोवर घासायचं, सगळीकडे मंद राखाडी झालं की थांबायचं. फोमवर साच्यातून आलेली गुळगुळीत साय असते, ती फक्त मोडायची. जास्त घासलंस तर खळगा पडेल आणि कडा जुळणार नाहीत. कोपऱ्यात, जिथे सुटलेला आणि न सुटलेला भाग मिळतो तिथे, बोट पोचत नाही. तिथे आइस्क्रीमच्या काडीला पेपर गुंडाळून घास. हा कोपरा सोडायचा नाही.

धूळ ब्रशने झाड. मग रबर अ‍ॅसिटोनने पूस. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असशील तर साधा घे. तेल किंवा सुगंध घातलेला नको, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. फोमवर अ‍ॅसिटोन ओतू नकोस, स्पिरिटने ओलसर केलेलं कापड एकदा फिरवलं की पुरे. यानंतर त्या जागेला बोट लावायचं नाही. हाताचं तेलही लागतं.

आता सोल्युशन. खिडक्या उघड, गॅस, निरांजन, उदबत्ती काहीही जवळ पेटलेलं नको, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. याची वाफ पेट घेते आणि डोकंही धरवते. दोन्ही बाजूंना पातळ थर लाव, जुन्या ब्रशने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने. फोम आणि कापड पहिला थर पिऊन टाकतात, म्हणून पंधरा-वीस मिनिटांनी त्या बाजूला दुसरा थर द्यायचा. मग थांबायचं. इथेच लोकांचा धीर सुटतो. ओलं असताना दोन्ही भाग दाबले तर आतलं द्रावण अडकून राहतं आणि जोड कधीच नीट सुकत नाही. बोटाची पाठ टेकवून बघ: चिकट वाटावं, पण बोट उचलल्यावर तार निघू नये. कोरड्या हवेत याला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

पावसाळ्यात वेगळी अडचण येते. द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ पांढरट दिसतो. तसा दिसला तर जोडू नकोस. कोकणात, मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे हमखास होतं. हेअर ड्रायरची मंद गरम हवा लांबून दे, पांढरेपणा जाऊन थर परत पारदर्शक आणि चिकट होईल. खरं तर कुठल्याही ऋतूत जोडायच्या आधी अर्धा मिनिट गरम हवा दिली तर पकड चांगली येते. कारखान्यातही गोंदाचा थर तापवूनच सोल दाबतात. पेटलेल्या गॅसवर मात्र बूट धरायचा नाही.

जोडताना सुटलेल्या भागाच्या आतल्या टोकापासून सुरू करून नोकेकडे ये, म्हणजे मध्ये हवा राहत नाही. हा गोंद लागला की लागला, सरकवून जागा सुधारता येत नाही. म्हणून आधी कोरड्यानेच एकदोनदा जुळवून बघ. बुटात चिंधी किंवा वर्तमानपत्र ठासून भर, आतून आधार नसेल तर बाहेरचा दाब नुसता जाळीला दाबतो. मग लाटण्याने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने जोर लावून दाब. या गोंदाला किती वेळ दाबलं यापेक्षा सुरुवातीला किती जोरात दाबलं ते महत्त्वाचं. शेवटी सायकलची जुनी ट्यूब लांब पट्टीसारखी काप आणि नोकेपासून मधल्या भागापर्यंत ताणून गुंडाळ. घरी याच्याइतका चांगला शिकंजा नाही, कारण ट्यूब वळणावळणावर सारखा दाब देते. चोवीस तास तसंच ठेव, आणि पळायला आणखी एक दिवसाने घाल.

नोकेला टाके घालून घेऊ का, असं बरेच जण विचारतात. ज्या बुटाच्या सोलची रबरी भिंत वर चढून जाळीला मिळते, तिथे टाके चांगले बसतात. कॅनव्हासचे बूट तसे असतात. पण तुझ्यासारख्या पळायच्या बुटात दोरा फोममधून जातो, आणि ताणलेला दोरा फोमला सुरीसारखा कापतो. टाक्यांच्या रेषेत फोम फाटला की तो बूट कुणीच सुधारू शकत नाही. रस्त्याकडेच्या चर्मकारदादांकडे गेलीस तर त्यांना स्पष्ट सांग: शिवू नका, पेस्टिंग करा.

जाळीचं भोक. ते अंगठ्याच्या नखावरच पडलंय, म्हणजे एकतर नख वाढतंय, किंवा पळताना तू अंगठा वर उचलतेस, किंवा बूट लांबीला कमी आहे. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. कारण तसंच राहिलं तर ठिगळाचंही भोक होईल.

लोंबणारे धागे कात्रीने काप, काडीने जाळू नकोस. पॉलिएस्टरची जाळी वितळून तिचा कडक मणी होतो आणि तोच पुढे बोटाला कापतो. ठिगळ आतून लावायचं. कापड पातळ पण न विसविशीत, थोडं ताणणारं: जुन्या ट्रॅकपँटचं किंवा स्पोर्ट्स टी-शर्टचं चालतं, सुती नको, ते घाम धरून ठेवतं. भोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठं काप आणि कोपरे गोल कर. चौकोनी ठिगळाचा कोपरा सगळ्यात आधी उचलतो. पॉलिएस्टर दोऱ्याने बारीक धावदोरा घालून कडेने शिव, गाठी बाहेरच्या बाजूला ठेव. मग बाहेरून भोकाच्या कडेला सोल्युशनचा अगदी पातळ हात दे, म्हणजे उसवण पुढे जात नाही. सगळी जाळी गोंदाने माखू नकोस, ती जागा कडक होऊन शेजारून नवीन चीर पडते. आतून हात फिरव. बोटाला जे टोचेल ते पायाला टोचणारच.

भोक करंगळीच्या बाजूला, बूट वाकतो त्या घडीवर असतं तर मी हे इतक्या खात्रीने सांगितलं नसतं. ती जागा हजारो वेळा वाकते, तिथे ठिगळ किती दिवस धरेल ते सांगता येत नाही.

आता टाच. तिघांत हे काम सगळ्यात दुर्लक्षित, पण पळणाऱ्यासाठी सगळ्यात निकडीचं. अस्तरानंतर स्पंज जातो आणि स्पंजाच्या मागे टाचेला आकार देणारा कडक पत्रा असतो. खरं तर ते प्लॅस्टिक किंवा पुठ्ठा असतो, पण दुकानात सगळे पत्राच म्हणतात. तो उघडा पडला की एका सकाळीत टाच सोलून निघते. फाटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: नाडी न सोडता पाय आत कोंबणं आणि काढताना दुसऱ्या पायाने टाच दाबणं.

वापरायचं ते मऊ, मखमली बाजूचं चामडं किंवा तसं कृत्रिम कापड. जुन्या पर्सचं किंवा फाटक्या हातमोज्याचं मिळतं. इनसोल काढ. वर्तमानपत्राचा तुकडा टाचेच्या आत दाबून बसव आणि पेनाने कड आखून घे. बाहेर काढल्यावर साधारण चंद्रकोरीचा आकार दिसेल. त्यावरून कापड काप, पण खालच्या बाजूला दोन बोटं जास्त ठेव. ही जादा पट्टी इनसोलखाली जाणार आहे. ठिगळाची खालची कड इनसोलखाली दाबली गेली की मोज्याने घासून उचलायचा प्रश्नच राहत नाही. स्पंज खचला असेल तिथे पातळ फोमचा तुकडा, कडा निमुळत्या करून भर. उंचवटा राहायला नको, उंचवटाही फोड आणतो.

चिकटवताना बूट वळवून सपाट करू नकोस. टाच गोलच ठेव आणि त्या गोलाईतच, मधून सुरू करून दोन्ही बाजूंना अंगठ्याने दाबत जा. सपाट करून लावलेलं ठिगळ बूट परत गोल झाला की सुरकुततं. वरची कड बुटाच्या काठाच्या किंचित खाली संपव, किंवा काठावरून बाहेर दुमडून बारीक टाके घाल. दुमडलेलं जास्त टिकतं, पण शिवायला चिकाटी लागते. सुई बुटात आडवीतिडवी जाते म्हणून वाकडी सुई मिळाली तर बघ, गादीवाल्याकडे असते. दोन्ही बुटांना ठिगळ सारख्याच जाडीचं लाव.

तू विचारलं नाहीस, पण सोल टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलेला असेल तर घाबरू नकोस, बहुतेकांचा तिथेच झिजतो. रबर संपून फोम दिसू लागला असेल तर चर्मकाराकडून दोन-तीन मिलिमीटरची रबर शीट लावून घे आणि तिची कड तासून निमुळती करायला सांग. घरी टायरचा तुकडा लावायच्या फंदात पडू नकोस. तो जड असतो आणि एका बुटाची टाच दुसऱ्यापेक्षा उंच झाली तर त्याची किंमत गुडघा मोजतो.

इनसोल चपटा झाला असेल तर नवा टाक, बुटाच्या मानाने फार स्वस्त पडतो. पण त्याने मिडसोल बरा होत नाही, फक्त पायाखाली मऊ लागतं. नाडीचं टोक उसवलं तर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून काप.

दुरुस्ती झाल्यावर बूट मशीनमध्ये धुवू नकोस आणि पाण्यात भिजत ठेवू नकोस. ओला ब्रश आणि साबण पुरे. भिजले तर नाड्या आणि इनसोल काढून आत वर्तमानपत्र भर, दोन-तीन तासांनी कागद बदल आणि पंख्याखाली ठेव. मे महिन्यात कडक उन्हात, पत्र्यावर किंवा बंद गाडीत ठेवलेले बूट आकसतात, कारण ईव्हीएला उष्णता सोसत नाही, आणि जोडलेली नोकही तिथेच सैल पडते.

मैदानी चाचणीला हेच बूट घालणार असशील तर सगळं काम निदान दोन आठवडे आधी संपव. नंतर एकदा पूर्ण वेगात १०० मीटर पळ आणि एकदा ८०० मीटर, वळणं जोरात घेऊन. सरळ पळताना न कळणारी कच्ची जोड वळणावर उघडते. घरी येऊन नोकेच्या सांध्यात नखाची कड घालून बघ. नख कुठेही आत शिरलं नाही तर बूट तयार आहेत. शिरलं तर फक्त तेवढाच भाग उघड, परत घास आणि परत जोड.